डोळा साठीचा, हात दीड वर्षाचा

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. माझं वय 63. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. दीड वर्षापूर्वी नातीनं अर्धवट टाकलेल्या रंगपेटीतून सहज एक पान रंगवलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. दुपारी घर झोपलं की जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढे कागद घेऊन बसते. जलरंगच वापरते. दोन तास कधी गेले कळत नाही, मग अपराध्यासारखं होतं. ‘आमचे हे’ विचारतात, “झाले का कागद खराब करून?” सून कौतुकानं प्रत्येक चित्राचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकते आणि सगळे ‘छान’ म्हणतात. मला एकही छान वाटत नाही. रंग मळकट होतात, पांढरा तर कधी जमतच नाही. एक क्लास लावला होता. शिकवणारा मुलगा पंचविशीचा. सगळ्यांना एकच फोटो देऊन हुबेहूब काढायला लावायचा. माझं सगळ्यांच्या शेवटी व्हायचं. सोडला. हातात मुळात कलाच नाही बहुतेक. फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढलं की मुलं टाळ्या वाजवायची, तेवढीच काय ती माझी चित्रकला! गेल्या आठवड्यात चिडून सगळी चित्रं फाडली आणि मग रडत बसले. हेच तिशीत सुरू केलं असतं तर? आता फार उशीर झालाय का? आणि सून म्हणते प्रदर्शनात चित्र ठेवा, तर ठेवू का?

– तुमची एक वाचक

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही उद्गारचिन्ह लावून उडवून दिलंय. फळ्यावरच्या वर्तुळाचं. त्याकडे येतेच, पण आधी त्या फाडलेल्या चित्रांबद्दल.

तुमची नात चित्र काढते, समोर धरून बघते आणि खूश होते. तिचा डोळा आणि तिचा हात एकाच वयाचे आहेत. तुमचं तसं नाही. तुम्ही साठ वर्षं बघत आला आहात. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी भडक वाटतो, कुठली आकृती कागदावर नीट बसली आहे, कुठली एका बाजूला कलली आहे, हे तुम्हाला कोणी न सांगता कळतं. हात मात्र दीड वर्षाचा. डोळ्याला जे हवंय ते हाताला देता येत नाही, आणि तो राग तुम्ही कागदावर काढलात. उशिरा सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे दुखणं होतं. लहानपणी सुरू करणाऱ्यांनाही होतं, पण पौगंडावस्थेत, आणि त्यातले बहुतेक तिथेच चित्रं काढणं सोडतात. चित्र वाईट झालंय हे तुम्हाला दिसतंय, म्हणजे अर्धी तयारी झालेली आहे. ज्यांना ते दिसत नाही, त्यांचं काही करता येत नाही.

म्हणून यापुढे फाडू नका. मागच्या बाजूला तारीख लिहा आणि एका मोठ्या फोल्डरमध्ये सरकवा. तीन महिने उघडू नका. काढल्या दिवशी चित्राकडे बघताना आपण खरं तर मनातलं चित्र बघत असतो आणि कागदावरचं त्याच्याशी ताडून नापास करतो. तीन महिन्यांनी मनातलं पुसलेलं असतं. मग कागदावर खरंच काय आहे ते दिसतं, आणि कधीकधी ते बरं असतं.

आता उशिराबद्दल. अशा पत्रांना उत्तर देताना ‘आजी मोझेस’ची गोष्ट सांगायची रीतच पडली आहे. अमेरिकेतली शेतकरी बाई, सत्तरीच्या उत्तरार्धात चित्रं काढायला लागली, 1940 मध्ये न्यूयॉर्कला तिचं प्रदर्शन झालं, 1961 मध्ये वारली तेव्हा वयाची एकशेएक वर्षं पूर्ण झालेली होती. खरी गोष्ट आहे. पण ही गोष्ट नुसता धीर द्यायला वापरतात आणि तिच्यातलं कामाचं तेवढं गाळतात. ती चित्रांकडे आली भरतकामातून. संधिवातानं सुई धरवेना, म्हणून ब्रश हातात घेतला. म्हणजे रंगांशेजारी रंग ठेवायचा सराव हाताला आधीपासून होता.

रवींद्रनाथ ठाकूरांचं बघा. साठी ओलांडल्यावर ते चित्रांकडे गंभीरपणे वळले, आणि 1930 मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. सुरुवात कुठून झाली? कवितांच्या हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून. खोडलेले शब्द एकमेकांना जोडत जोडत त्यातून पक्षी, चेहरे, विचित्र प्राणी निघायला लागले. आयुष्यभर लेखणी चालवलेला हात होता, तो लेखणीच्याच रेषेनं चित्रात शिरला. आणि अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाची बाई होती. 1700 सालचा जन्म, त्यामुळे तिच्या वयाचा हिशेब सोपा. सत्तरी ओलांडल्यावर, दुसऱ्यांदा विधवा झाल्यावर, तिनं रंगीत कागदाच्या बारीक कातरणांतून फुलं करायला घेतली. काळ्या कागदावर एकेक पाकळी चिकटवायची. दहा वर्षांत हजाराच्या जवळपास केली, नजर अगदीच गेल्यावर थांबली. ती जवळजवळ सगळी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिच्याही हाताला आधी भरतकामाचा आणि कागद कातरण्याचा सराव होता.

थोडक्यात, साठीनंतर कोणी शून्यापासून सुरू करत नाही. हातात आधीचं काहीतरी असतंच. तेव्हा ‘उशीर झाला का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि असं विचारा, की माझ्या हाताला आधीपासून काय येतं?

तर ते वर्तुळ.

कंपास न वापरता फळ्यावर वर्तुळ काढायचं म्हणजे मनगट ताठ ठेवून खांद्यातून हात फिरवायचा. उभं राहून, मोठ्ठं, एका दमात. कलाशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना हे शिकवताना शिक्षकांचा घसा बसतो, कारण मुलं मनगटातून लिहितात आणि तशीच चित्रं काढतात. तुमचा खांदा हे पस्तीस वर्षं करतोय. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फळा काळा असतो. तुम्ही पस्तीस वर्षं अंधारावर उजेड मांडत आलात. जिथे काही नाही तिथे काळं, आणि जिथे दाखवायचंय तिथे खडू.

आता जलरंगात काय होतं बघा. तिथे सगळं उलटं. कागद पांढरा, आणि तोच तुमचा उजेड. पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. आधी फिकट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, मग त्यावर थोडा गडद, मग सगळ्यात गडद, आणि पांढऱ्या जागा पहिल्यापासून कोऱ्या सोडायच्या. एकदा त्यावर रंग गेला की तो पांढरा पूर्वीसारखा परत येत नाही. तुम्ही खुर्चीत बसून, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, मनगटातून, ओल्या रंगात, उजेडाकडून अंधाराकडे जाताय. म्हणजे जे जे तुम्हाला येतं त्यातलं एकही वापरायची सोय ठेवली नाहीत, आणि वर म्हणता हातात कला नाही. रंगपेटी नातीची होती म्हणून जलरंग; तुम्ही ते निवडलेले नाहीत.

तेव्हा माझं स्पष्ट मत: दोन-तीन महिने जलरंग कपाटात ठेवा. चारकोल, म्हणजे चित्रांसाठीची कोळशाची कांडी, आणि सॉफ्ट पेस्टल आणा. दुकानात ‘सॉफ्ट’ म्हणून आवर्जून मागा, कारण मुलांच्या पेटीत मिळतात ते बहुधा ऑइल पेस्टल असतात. ते मेणकट, त्यांचं वागणं वेगळं. सॉफ्ट पेस्टल म्हणजे जवळजवळ खडूच, फक्त त्यात रंगद्रव्य भरपूर. सोबत करडा, मातकट किंवा गडद निळा, थोडा खरखरीत कागद घ्या, तुमच्या पोस्टकार्डाच्या निदान आठपट मोठा. तो एका बोर्डवर चिकटवा, बोर्ड उभा टेकवा आणि उभ्यानं काढा. खडूची भुकटी फुंकू नका, नाकातोंडात जाते. बोर्ड बाहेर नेऊन हलकेच ठोका, जमीन ओल्या फडक्यानं पुसा. हे तुम्हाला मी सांगायला नको, फळ्याची धूळ तुम्ही पुष्कळ खाल्ली असेल.

काय काढायचं? पांढरा कप. साधा, नक्षी नसलेला, खिडकीशेजारी, एका बाजूनं उजेड येईल असा. डोळे किलकिले करून त्याकडे बघा, म्हणजे बारकावे जातात आणि फक्त उजेड-अंधाराचे तुकडे उरतात. मग एक कोरा पांढरा कागद कपाशेजारी धरा. कप पांढरा नाहीच, हे तेव्हा दिसेल. खिडकीकडची बाजू फिकट, पण कागदाहून जरा मळकी. उलटी बाजू चक्क करडी, आणि त्या करड्यातही खाली टेबलावरचा उजेड परतून आलेला, म्हणून तळाशी ती पुन्हा किंचित उजळते. आतल्या पोकळीत सावली बरोबर उलट्या बाजूला. कान कपाला चिकटतो तिथे एक बारीक गडद रेघ. खरा शुभ्र पांढरा एवढ्या सगळ्यात एकच, काठावर चमकणारा ठिपका. तुम्हाला ‘पांढरा जमत नाही’ तो याचसाठी: पांढऱ्या वस्तूत पांढरा फार थोडा असतो आणि आपण ती सगळी पांढरी रंगवायला जातो. करड्या कागदावर हा ठिपका सगळ्यात शेवटी ठेवायचा. ठेवलात की कप एकदम पुढे येतो. गणिताच्या बाईंना हे आवडेल असं मला वाटतं, कारण इथे एखादी गोष्ट बरोबर की चूक हे शेजारी ठेवून पडताळता येतं.

तोच कप पुन्हा काढा. महिनाभर तोच, वेगवेगळ्या वेळी. कंटाळा येईल. आला की कप उलटा ठेवा.

फोटोवरून मात्र आत्ता काढू नका. कॅमेऱ्यानं सावल्या आधीच काळ्या करून टाकलेल्या असतात, उजेडाच्या जागा जळालेल्या असतात, आणि कडा कुठे विरते, कुठे ठसठशीत राहते हे ठरवायचं काम, जे शिकायचं आहे नेमकं तेच, तो परस्पर उरकून ठेवतो. त्या क्लासमध्ये तुम्ही मागे पडत होतात ते हात हळू म्हणून नव्हे. तिथे नक्कल हेच काम होतं. मोठ्या चित्रकारांच्या चित्रांची नक्कल करणं ही वेगळी गोष्ट, ती जुनी आणि चांगली शिकवण आहे, पण ती पुढे कधीतरी.

क्लास लावायचाच तर असा शोधा जिथे समोर वस्तू किंवा माणूस बसवतात आणि प्रत्येकजण आपापल्या जागेवरून काढतो. आधी एक दिवस नुसतं बसून बघा. शिकवणारा विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा ब्रश चालवत असेल तर उठून या. त्याचं वय बघू नका. मला शंका आहे की पंचविशीच्या मुलानं ‘आजी, तुमचं अजून झालं नाही?’ असं काहीतरी म्हटलं आणि ते लागलं. शिक्षकाला विद्यार्थी होणं फार जड जातं. तुम्हाला पस्तीस वर्षं उत्तर माहीत होतं. इथे पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली नाहीत आणि शेजारची मुलगी तुमच्या आधी कागद देऊन मोकळी होते. त्याला इलाज एवढाच, की सगळ्यांच्या शेवटी संपवायचं आणि तसं संपवल्याची लाज वाटून घ्यायची नाही.

रंग मळकट होण्याची कारणं दोन ठिकाणी शोधायला हवीत. एक कागदावर. जलरंगाकडे परत याल तेव्हा 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम, म्हणजे जाड) कागद घ्या. पातळ कागद पाण्यानं फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि आपण तो सारखा करायला जाऊन चिखल करतो. पैसे आधी कागदावर घाला, रंगांवर नंतर. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. एका मिश्रणात शक्यतो दोनच रंग, फार तर तीन. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एवढ्या दोघांतून निळसर करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. काळ्या ट्यूबची गरज पडत नाही. आणि अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावायचा नाही. एकतर ओला असताना, नाहीतर खडखडीत वाळल्यावर. मधल्या वेळात हात मागे बांधून उभं राहायचं. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच गडद वाटायला हवा.

दुसरं कारण डोळ्यात असू शकतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा उजेड कमी आत येतो. गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो. क्लोद मोने या चित्रकाराला मोतीबिंदू झाला तेव्हा त्याची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली. 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्यानं आधीची काही चित्रं पुन्हा हातात घेतली, काही नष्ट केली. (हो, तोही फाडणाऱ्यांतलाच. तरी तुम्ही फाडू नका.) डोळे तपासून बराच काळ झाला असेल तर आधी ते करा, आणि डॉक्टरांना नेमकं सांगा की तुम्ही हातभर अंतरावर उभ्या कागदावर काम करता. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतराचा असतो, बायफोकलमध्ये हे मधलं अंतर सापडत नाही, आणि मान वरखाली करून मानेचं दुखणं लागतं ते वेगळं. उजेडही विशीतल्या माणसापेक्षा बराच जास्त लागतो. दुपारची खिडकी उत्तम. शक्य असेल तर ऊन थेट कागदावर पडणार नाही अशी बाजू निवडा.

शार्दँ हा फ्रेंच चित्रकार तैलरंगातला उस्ताद. म्हातारपणी डोळे दगा द्यायला लागले तेव्हा तो पेस्टलकडे वळला. 1771 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यानं पेस्टलमध्ये स्वतःचं चित्र काढलं: डोक्याला फडकं गुंडाळलेलं, नाकावर चष्मा. ते लूव्र संग्रहालयात आहे. चांगलं छापलेलं मिळालं तर त्यातला चेहरा जवळून बघा. गालावर वेगवेगळ्या रंगांच्या रेघा शेजारी शेजारी नुसत्या ओढून सोडल्यात, बोटानं पुसून गुळगुळीत केलेल्या नाहीत. खडूचं काम कसं असतं हे त्यावरून कळेल.

आता घर. ‘आमचे हे’ जे म्हणतात त्यात मला कुत्सितपणा कमी आणि चुकल्याचुकल्यासारखं जास्त ऐकू येतं. पण तो माझा अंदाज. तुम्ही त्यांना जास्त ओळखता. काहीही असलं तरी परवानगी मागितल्यासारखं उत्तर देऊ नका आणि भांडूही नका. “हो, आज दोन खराब केले,” म्हणा आणि कामाला लागा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो जेवणाच्या टेबलाचा कोपरा सोडा. रोज मांडायचं आणि रोज आवरायचं, यात जो संकोच आहे तोच तुमच्या अपराधीपणाचं घर आहे. कुठलीही एक जागा, भले दाराआडची असो, जिथे बोर्ड आज आहे तिथेच उद्या असेल. आणि दुपारची वेळ चोरून घेतल्यासारखी नको, घरात सांगून ठेवलेली असू दे. पस्तीस वर्षं तासाची घंटा झाली की तुम्ही वर्गात जायचात, तेव्हा कोणी विचारलं नाही की जाऊ का म्हणून.

तिशीत सुरू केलं असतं तर काय झालं असतं? हात आज सराईत असता. किंवा नोकरी, मूल, घर यांत दोन वर्षांत सुटलं असतं आणि ‘मला एकेकाळी छंद होता’ असं तुम्ही आज सांगत असता. दोन्ही शक्य आहे, आणि पडताळून बघायची सोय नाही. त्या वर्षांची थकबाकी आता घाईघाईनं वसूल करायला जाऊ नका. लवकर चांगलं व्हायला हवं, प्रत्येक चित्र जमायला हवं, ही घाई तिथूनच येते, आणि फाडायची हुक्कीसुद्धा.

सुनेचा हेतू चांगला आहे, पण तिला फोटो टाकणं थांबवायला सांगा. ‘छान’ हा शब्द इतक्या वेळा ऐकला की माणूस छान म्हटलं जाईल असंच काढायला लागतो. दाखवायचं तर एकाच माणसाला दाखवा आणि ‘कसं झालंय?’ असं विचारू नका. ‘तुझी नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा. उत्तर देणाऱ्याला चित्रातलं काही कळायची गरज नाही. नात यासाठी उत्तम.

प्रदर्शनाचं म्हणाल तर यंदा नको. फोल्डर भरू दे, तीन महिन्यांनी उघडा, पुन्हा भरा. त्यातून पुढच्या वर्षी चार चित्रं अशी निघाली, जी कोणाला दाखवताना आधी ‘मी नवीन आहे हं’ असं सांगावंसं वाटत नाही, तर ती द्या. तोवर सुनेला फारच उत्साह असेल तर तिला म्हणावं, फ्रेम राहू दे, पेस्टलच्या कागदाची एक गड्डी आण. गडद रंगाची.